‘कस्टम’ला ‘स’ लागला की

मंडळी, जहाजाच्या भाडेकरारात ‘कस्टम ऑफ द पोर्ट’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. सीमाशुल्काच्या कायद्यात ‘कस्टम्स पोर्ट’ भेटतो. पहिल्याचा अर्थ बंदराचा प्रघात. माल चढवण्या-उतरवण्याची तिथली रीत कशी, करारात न लिहिलेला एखादा खर्च तिथे कोण सोसतो, ते या प्रघातावरून ठरतं. दुसऱ्याचा अर्थ १९६२च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम ७खाली आयात-निर्यातीसाठी नेमून दिलेलं बंदर. पहिल्याचं भाषांतर ‘बंदराचे सीमाशुल्क’ असं झालं, तर जहाजवाला आणि मालवाला यांच्या आपसातल्या हिशेबात सरकार येऊन बसतं. आणि ही चूक होते, कारण आपण शब्द ओळखीचा आहे म्हणून पुढे सरकतो.

मुळात शब्द एकच. लॅटिनमधला ‘सवय’ या अर्थाचा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘कॉस्च्यूम’ हा त्याचाच भाऊ, अंगावर घालायची रीत. राजाला किंवा जहागीरदाराला रिवाजाने जे देणं द्यायचं, तेही ‘कस्टम’. पुढे मालावरच्या अशा देण्यांसाठी अनेकवचन रुळलं आणि शेवटी ते वसूल करणाऱ्या खात्याचंच नाव झालं. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. फारसीतला ‘दस्तूर’ म्हणजे रिवाज आणि रिवाजाने मिळणारी दलाली ती ‘दस्तुरी’. इंग्रजीने जे काम ‘स’वर भागवलं, ते आपल्याकडे ‘ई’ने केलं.

अडचण आहे ती मराठीच्या बाजूने. ‘कस्टम’साठी आपण वापरतो तो ‘रूढी’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच, त्यामुळे तिथे ‘स’ दिसत नाही. आणि बोलताना आपण ‘माल कस्टममध्ये अडकला’ म्हणतो, तिथेही ‘स’ गळालेला. म्हणजे दोन्हीकडून खूण पुसली जाते. भरीला मुंबईत बॅलार्ड इस्टेटला जी कचेरी आहे तिचं इंग्रजी नाव ‘कस्टम हाउस’, ‘स’विना! तेव्हा ‘स’ असला म्हणजे शुल्क, नसला म्हणजे रूढी, हा नियम पाठ करू नका. शेजारचा शब्द बघा. ड्यूटी, हाउस, क्लिअरन्स, एजंट, बाँड यांपैकी काही असेल तर सीमाशुल्क. यूसेज, राइट्स, कम्युनिटी असेल तर रूढी.

कायद्याच्या मजकुरात ‘कस्टम ऑर यूसेज’ ही जोडी येते. संविधानाच्या अनुच्छेद १३च्या मराठी पाठात ‘रूढी किंवा परिपाठ’ आहे. तिथे ‘चालीरीती’ लिहू नका. चालीरीती लग्नातल्या, सणातल्या, त्या कोणी पाळतो, कोणी पाळत नाही. कायद्यातली रूढी वजनदार आहे. १९५५च्या हिंदू विवाह अधिनियमाचं कलम ३ (क) पाहा: ती दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली हवी, निश्चित हवी, गैरवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नको. एखाद्या कुटुंबापुरती असेल, तर त्या कुटुंबाने ती सोडून दिलेली नसावी. याच अधिनियमाचं कलम २९ (२) रूढीने मिळणारा घटस्फोट, म्हणजे आपली काडीमोड, शाबूत ठेवतं. पण आमच्यात ही रूढी आहे असं जो म्हणतो, ती सिद्ध करायची जबाबदारी त्याचीच. दाव्याच्या कागदात ‘चालीप्रमाणे सोडचिठ्ठी झाली’ एवढंच आलं, की वाचणाऱ्याला गावकी दिसते, कायदा दिसत नाही.

आता शुल्काकडे. इथे एकवचन-अनेकवचनाचा पैशांशी थेट संबंध आहे. समजा आयात मालाचं करनिर्धारणासाठी धरलेलं मूल्य १,००,००० रुपये आहे आणि मूळ सीमाशुल्क १० टक्के. ते झाले १०,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १,०००. आता आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा एकात्मिक वस्तू व सेवा कर. तो १,००,०००वर नाही, १,११,०००वर लागतो. १८ टक्क्यांनी १९,९८०. एकूण भरणा ३०,९८० रुपये. इंग्रजी पत्रात ‘बेसिक कस्टम्स ड्यूटी’ लिहिलं असेल तर १०,०००, आणि ‘टोटल ड्यूटीज’ लिहिलं असेल तर ३०,९८०. दोन्हीकडे नुसतं ‘सीमाशुल्क’ लिहून मोकळं झालात, तर व्यापारी एकदा तरी चुकीच्या रकमेचा चेक फाडणार.

जुन्या कागदांत आणखी सांभाळावं लागतं. तिथे ‘कस्टम्स’ला ‘जकात’ हाच शब्द योग्य, कारण मालावरची वसुली देशाच्या आतही होत असे. मिठासाठी इंग्रजांनी उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून जी लांबलचक ‘इनलँड कस्टम्स लाइन’ आखली होती, ती १८७९मध्ये उठली. तिला ‘सीमाशुल्क रेषा’ म्हणणं विनोदीच, ती सीमेवर नव्हतीच. उलट आजच्या मजकुरात ‘जकात’ वापरली, तर मुंबईच्या वाचकाला जकात नाका आठवतो, आणि मुंबई महापालिकेची ती जकात १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा संपली.

एक तिसरा अर्थ आहे, त्याला ‘स’ लागतच नाही. इंग्लंडमधल्या दुकानात ‘थँक यू फॉर युअर कस्टम’ अशी पाटी असते. इथे कस्टम म्हणजे गिऱ्हाइकी. ‘कस्टमर’ यातूनच. ‘तुमच्या प्रथेबद्दल आभार’ असं यंत्राने केलेलं भाषांतर वाचून हसू येतं, पण माणसंही ते तसंच पुढे पाठवतात.

चौथा अर्थ गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीप्रमाणे केलेलं काम. भंडारा-गोंदियाकडे सरकारी खरेदीच्या धानाच्या कागदांवर ‘कस्टम मिल्ड राईस’ असतं. धान सरकारचं, गिरणी दुसऱ्याची, काम मजुरीवर. १०० क्विंटल धानामागे ६७ क्विंटल तांदूळ परत द्यायचा, उकडा तांदूळ असेल तर ६८. तिकडे याला ‘भरडाई’ म्हणतात आणि तोच शब्द कागदावर यावा. ‘सानुकूल दळलेला तांदूळ’ म्हणजे काय हे गिरणीवाल्याला विचारून बघा. तुम्ही चक्कीवर दळण टाकता, ते याच प्रकारचं काम. तसंच ‘कस्टम हायरिंग सेंटर’: शेतकऱ्यांना ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र भाड्याने देणारं केंद्र. त्याला ‘अवजारे बँक’ म्हटलं की कोणालाही कळतं.

संगणकातल्या ‘कस्टम’ला ‘सानुकूल’ कोणी लावलं कोण जाणे. सानुकूल म्हणजे आपल्या बाजूचं, अनुकूल. वारा सानुकूल असतो, कागदाचा आकार नसतो. छपाईच्या खिडकीत ए-४, लीगल यांच्याखाली ‘कस्टम’ दिसलं, तर तिथे ‘स्वतःचे माप’ लिहा. पुढे लांबी-रुंदीचे दोन रिकामे चौकोन असतातच, बाकीचं ते सांगतात.