गिलाव्याशिवायचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे घर बांधून झालं आणि बाहेरचा गिलावा राहिला, की येणारा-जाणारा विचारतोच, ‘काय, पैसे संपले का?’ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या पैसेवाल्यांचा विचारही फारसा वेगळा नव्हता. भिंत विटांची, पण वरून गुळगुळीत गिलावा चढवायचा, त्यावर रेघा ओढायच्या आणि दगडी वाड्याचा आव आणायचा.

अशा काळात, १८५९ साली, लंडनजवळ केंट परगण्यातल्या बेक्सलीहीथला विल्यम मॉरिस या पंचविशीच्या तरुणानं घर बांधायला काढलं. तांब्याच्या खाणीच्या शेअरांतून त्याला घरबसल्या उत्पन्न होतं. पैसे संपले असं म्हणायची सोय नव्हती. तरी विटा उघड्याच राहिल्या. घराचं नावच पडलं रेड हाउस.

आराखडा त्याचा मित्र फिलिप वेब याचा, आणि हे वेबचं पहिलंच स्वतंत्र घर. दोघांची ओळख एकाच वास्तुविशारदाच्या कचेरीत काम करताना झालेली. आता उघडी वीट काही यांनी शोधून काढली नाही. खेड्यापाड्यांत पाद्र्यांची घरं आणि शाळा तशा बांधल्या जातच होत्या. विटांवरचा सरकारी करही १८५० मध्ये उठला होता. पण पाद्र्याच्या घराचं रूप सधन माणसानं हौसेनं घेणं, ही गोष्ट नवी.

घर काटकोनात वळलेलं. वळणाच्या कुशीत विहीर, आणि तिच्यावर टोपीसारखं निमुळतं कौलारू छप्पर. घराचं छप्परही उतरतं, लाल कौलांचं. खिडक्या पाहाल तर एक लांबट, एक गोल, एक कमानीखाली. बाहेरून रांग जुळते की नाही याची वेबला फिकीर नव्हती. आत खोलीला उजेड जिथे हवा, तिथे खिडकी. मला या घरातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. दर्शनी भाग आधी आणि खोल्या मागून, या रोगातून आपण तरी कुठे सुटलोय?

आत दिवाणखान्यात शेकोटीचं धुराडं नुसत्या विटांचं, थेट छतापर्यंत गेलेलं. जिन्याच्या कठड्याचे खांब वर निमुळते होत गेलेले, देवळाच्या शिखरांसारखे. मनाजोगतं सामान बाजारात मिळेना, म्हणून मित्रमंडळी स्वतःच कामाला लागली. त्यांतल्या बर्न-जोन्स या चित्रकारानं भिंतीवर चित्रं काढली, काचा रंगवल्या. मॉरिसची बायको जेन, ऑक्सफर्डमधल्या घोड्यांच्या मोतद्दाराची मुलगी. तिला लंडनच्या एका दुकानात निळं जाडंभरडं कापड सापडलं. त्यावर फुलं भरून भिंतीचे पडदे झाले. या खटाटोपातूनच १८६१ मध्ये त्यांची सजावटीची कंपनी निघाली.

खोट नव्हती असं नाही. मुख्य खोल्यांची तोंडं उत्तरेला. आपल्या उन्हात ते सुख झालं असतं. इंग्लंडच्या हिवाळ्यात घर गारठून जायचं. त्यात रोजची लंडनची ये-जा, खाणीचं घटतं उत्पन्न, बर्न-जोन्सच्या घरातली आजारपणं. सगळ्यांनी मिळून तिथे राहायचा बेत फसला आणि १८६५ मध्ये, अवघ्या पाच वर्षांत, मॉरिसनं घर सोडलं. परत तिथे कधी पाऊल टाकलं नाही. पाहवलं नसतं, असं तो म्हणे.

घर पुढे हातोहात फिरलं आणि २००३ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं. मग एका खोलीत भिंतीतल्या कपाटामागून जवळपास पुरुषभर उंचीच्या आकृत्यांचं जुनं भित्तिचित्र बाहेर आलं. छत मात्र कुणी झाकलं असतं तरी ओळखू आलं असतं. गिलावा ओला असतानाच त्यात टोच्यानं नक्षीची भोकं पाडून ठेवली होती. रंग विटला, की त्या ठिपक्यांवरून कुणीही पुन्हा भरावा. ती भोकं अजून आहेत.