वाळूचं माहेर

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन बशा ठेवल्या आहेत, त्या येताना तुम्ही पाहिल्याच असतील. एकीत मुंब्र्याच्या रेतीबंदराजवळून आणलेली चिमूटभर रेती आहे. दुसरीत धोलपुरी दगडाची चीप आहे. शेजारच्या इमारतीला दर्शनी भागात फरशा लावत होते, तिथल्या मिस्त्रींकडून मी ती मागून घेतली. ‘काका, कचऱ्यातली चीप कशाला हवी?’ असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच आज जरा सविस्तर सांगतो.

धोलपुरी हा वालुकाश्म आहे. दिल्लीचं राष्ट्रपती भवन याच जातीच्या दगडाचं. वालुकाश्म म्हणजे नदीनं, वाऱ्यानं किंवा समुद्रानं आणून टाकलेली वाळू. ती खाली दबली आणि सिलिका, चुना किंवा लोहाच्या संयुगांनी सांधली गेली. त्यामुळे या दगडाला एक वय नसतं. वाळू साठली कधी, हे एक वय. त्या वाळूचा प्रत्येक कण मुळात ज्या खडकात जन्मला त्या खडकाचं वय, ते दुसरं. आणि हे दुसरं वय कणागणिक वेगळं. एका चिपेत शेजारी शेजारी बसलेल्या दोन कणांच्या जन्मात शंभर कोटी वर्षांचं अंतर असू शकतं. मी तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, तरी हे वाक्य उच्चारताना अजून थोडा थांबतो.

कणाचं माहेर शोधायचं तर बोलका कण हवा. वालुकाश्मात बहुतेक कण गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे. गार टिकाऊ खरी, पण तिच्यातून वय काढणं फार अवघड. बोलका असतो तो झिरकॉन. बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून मिळतो तो हा नव्हे. तो क्यूबिक झिर्कोनिया, कारखान्यात केलेला. आपला झिरकॉन हे झिर्कोनियम आणि सिलिकाचं नैसर्गिक खनिज. ग्रॅनाइटसारख्या खडकात तो बारीक स्फटिकांच्या रूपात घडतो, बरेचदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. कठीण इतका की डोंगर झिजून गेला तरी हा उरतो, नदीतून वाहतो, दगडात गाडला जातो, तो दगड पुन्हा फुटला की पुन्हा वाहतो.

घडताना झिरकॉन थोडं युरेनियम आपल्या जाळीत सामावून घेतो, शिशाला मात्र जवळजवळ दारातच अडवतो. म्हणजे पुढे त्यात जे शिसं सापडतं ते आतल्या युरेनियमचंच झालेलं. युरेनियम २३८ (हा आकडा अणूच्या वजनाचा) निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात आणि त्याचं शिसं २०६ होतं. युरेनियम २३५ निम्मं व्हायला सुमारे ७० कोटी वर्षं, त्याचं शिसं २०७. एकाच कणात दोन घड्याळं, दोन्ही वेगळ्या गतीनं चालणारी. दोघांनी एकच वय दाखवलं तर कणावर भरवसा ठेवायचा. नाही दाखवलं तर मधे केव्हातरी उष्णतेनं किंवा किरणोत्सारानं जाळी मोडून शिसं गळालं, असं समजायचं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जॅक हिल्समध्ये असा एक कण सापडला, सुमारे ४४० कोटी वर्षांचा. तो ज्या खडकात होता तो जवळजवळ ३०० कोटी वर्षांपूर्वीच्या वाळू-गोट्यांचा. म्हणजे त्या गोट्यांत येऊन पडला तेव्हाच तो कण १४० कोटी वर्षांचा झालेला होता.

हे कण वेगळे करायचं काम मला विशेष आवडतं. सराफ बाजारातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आठवा. तेच तत्त्व. दगड भरडायचा, चाळायचा, पाण्यात हलवून हलकं वाहू द्यायचं. मग ब्रोमोफॉर्मसारख्या जड द्रवात टाकायचं. गारेची घनता २.६५, ती तरंगते. झिरकॉनची ४.६च्या आसपास, तो तळाशी बसतो. लोहचुंबकानं बाकीची काळी खनिजं ओढून घ्यायची. मग कण राळेत बसवून घासायचे, आणि प्रत्येकावर लेसरनं केसाहूनही बारीक खड्डा पाडून उडालेली वाफ मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात न्यायची. किती कण मोजायचे? याचंही गणित आहे. वाळूत ज्याचा वाटा वीस भागांत एक भाग आहे असा कुठलाही गट नजरेतून सुटला नाही, याची ९५ टक्के खात्री हवी, तर निदान ११७ कण. पाच-दहा कणांवर माहेर ठरवणारा भूशास्त्रज्ञ मला मान्य नाही.

आता मर्यादा सांगतो, आणि आज खरं बोलायचंय ते तिच्याविषयीच.

भोपाळजवळचं भीमबेटका तुम्हाला माहीत आहे. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये तिथली चित्रं जगापुढे आणली. ती गुहा ज्या वालुकाश्मात आहे तो विंध्य समूह नावाच्या जुन्या थरांच्या वरच्या भागातला, भांडेर गटाचा. माझी ही धोलपुरी चीपही त्याच गटातली. म्हणजे नौपाड्यातली भिंत आणि भीमबेटक्याचं छत, दोघं भाऊबंद. २०२१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की भीमबेटक्याच्या ऑडिटोरियम गुहेच्या छतावर डिकिन्सोनियाचा जीवाश्म आहे. डिकिन्सोनिया हा साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वीचा मऊ शरीराचा प्राणी. ते खरं असतं तर विंध्य वालुकाश्माचं वय तिथंच ठरलं असतं. पण याच वालुकाश्मांतल्या झिरकॉनचं काम आधी झालं होतं आणि त्यातले सगळ्यांत तरुण कण सुमारे १०० कोटी वर्षांचे निघाले होते.

इथं माझे विद्यार्थी पटकन म्हणायचे, ‘सर, म्हणजे दगड १०० कोटींचा.’ नाही! सगळ्यांत तरुण कण एवढंच सांगतो की वाळू त्याच्या जन्माआधी साठलेली नाही. नंतर किती उशिरा साठली, हे तो सांगत नाही. आज्याचा जन्मदाखला दाखवून नातवाचं वय ठरत नाही. ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या नदीलाही १०० कोटींचेच कण मिळाले असतील. त्यामुळे केवळ झिरकॉनवर तो दावा मोडत नव्हता. तो मोडला तो पुन्हा गुहेत जाऊन. जोसेफ मीर्ट आणि सहकाऱ्यांनी तो ठसा जवळून पाहिला, तर ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले. आधी दावा करणाऱ्या ग्रेगरी रिटॅलॅक यांनीही ते मान्य केलं. मान्य केलं, याचं मला फार कौतुक आहे.

दुसरी मर्यादा आपल्या दारातलीच आहे. पहिल्या बशीतली रेती बघा: काळपट, राखी. उल्हास नदीचं जवळजवळ सगळं पाणलोट क्षेत्र काळ्या कातळातलं, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या बेसाल्टमधलं. येऊर घ्या, पारसिक घ्या, तोच कातळ. बेसाल्टमध्ये सिलिका कमी, झिर्कोनियमही विखुरलेलं, त्यामुळे त्यात झिरकॉन सहसा घडतच नाही. आपल्याकडे गारगोट्या मिळतात त्या कातळाच्या पोकळ्यांत मागाहून भरलेल्या. उद्या ही रेती गाडली जाऊन वालुकाश्म झाली, आणि कुणी फक्त झिरकॉन शोधत बसलं, तर? दोन लाव्हाथरांमधल्या विटकरी पट्ट्यांतून आलेले मोजके कण कदाचित हाती लागतील. कसाऱ्याच्या घाटात गाडीतून या पट्ट्या दिसतात. त्यांत पडलेल्या ज्वालामुखी राखेतले झिरकॉन वापरून ब्लेअर शोन यांच्या गटानं आपल्या लाव्ह्याचा काळ बारकाईनं मोजला. पण अख्खा सह्याद्री झिजून ज्या वाळूत उतरला, त्या वाळूत झिरकॉनच्या हिशेबानं सह्याद्री जवळजवळ नसेलच. ज्या खडकापाशी हा साक्षीदार नाही, तो खडक नोंदीतून पुसला जातो.

म्हणून दगडाचं रसायन विचारायचं. बेसाल्टमधून स्कँडियम, निकेल, क्रोमियम येतं; ग्रॅनाइटमधून थोरियम. थोरियम आणि स्कँडियम दोन्ही पाण्यात सहसा विरघळून जात नाहीत, गाळाबरोबरच राहतात, म्हणून त्यांचं प्रमाण काळ्या कातळाचा वाटा दाखवतं. झिर्कोनियम आणि स्कँडियम यांचं प्रमाण फार चढलं असेल तर वाळू पुन्हा पुन्हा वाहून निवडली गेली, जड कण तेवढे साठत गेले, असं दिसतं. विरल मृदा मूलद्रव्यांच्या (एकमेकांसारखं वागणाऱ्या धातूंच्या एका गटाच्या) रांगेत युरोपियम कमी पडलं असेल तर बहुधा ग्रॅनाइटकडे बोट जातं. एकेकट्या आकड्यात फार दम नाही. वयं आणि रसायन शेजारी मांडलं की मात्र चित्र उभं राहतं.

हे सगळं एकत्र आलं ते इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळापाशी. तिथल्या वर्तुळाच्या मध्यभागी साधारण पाच मीटर लांब, सहा टनांचा एक वालुकाश्म आडवा पडलेला आहे. त्याला वेदीचा दगड म्हणतात. बाकीचे छोटे दगड वेल्समधले, म्हणून हाही वेल्सचाच, असं जवळजवळ शंभर वर्षं धरून चाललेलं. आधी शंका रसायनानं काढली. या दगडात बेरियम फार होतं, आणि वेल्सच्या वालुकाश्मांशी ते जुळत नव्हतं. २०२३ मध्ये ते छापून आलं. मग ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठात अँथनी क्लार्क या संशोधकानं त्या दगडाच्या जुन्या, जपून ठेवलेल्या तुकड्यांमधले कण मोजले. तो स्वतः वेल्सचा. झिरकॉनसोबत त्यानं अ‍ॅपेटाइट आणि रुटाइल ही खनिजंही तपासली. अ‍ॅपेटाइट, रुटाइलमध्ये सुमारे ४६ कोटी वर्षांचा गट ठळक दिसला. झिरकॉनमध्ये त्याहून कितीतरी जुनी वयं. हा सगळा मेळ बसला स्कॉटलंडच्या ईशान्येकडच्या ऑर्केडियन द्रोणीशी, म्हणजे गाळ साठलेल्या एका जुन्या खोलगट भागाशी. म्हणजे निदान ७५० किलोमीटर दूर! २०२४ च्या ऑगस्टमध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यानंतर काही आठवड्यांतच स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांतल्या मुख्य बेटावरचे दगड तपासून झाले आणि ते जुळत नाहीत असं कळलं. नेमकी खाण अजून शोधताहेत.

सहा टनांचा दगड चाकाशिवाय ७५० किलोमीटर कसा नेला, हा प्रश्न माणसांचा आहे. त्याचं उत्तर कणांत नाही. मला लक्षात राहतं ते वेगळं. सगळं काम ज्या तुकड्यांवर झालं ते नखाएवढे, आणि कुणीतरी त्यांच्यावर ‘हा अमुक ठिकाणचा’ अशी चिठ्ठी लावून ठेवली होती. चिठ्ठी नसती तर त्यांना खडीइतकीच किंमत. तुमच्या इमारतीचं काम निघेल तेव्हा फरशी पुरवणाऱ्याला दगड कुठल्या खाणीचा ते विचारून एक चीप आणि एक चिठ्ठी डबीत ठेवा. मिस्त्रींना मी हेच विचारलं. त्यांनी फोन लावून खाणीचं गाव सांगितलं, ते मी चिपेच्या मागे लिहून ठेवलंय.

आता उठून टेबलापाशी या. दोन भिंगं आहेत. आधी रेती पाहा. शिंपल्यांचे पांढरे तुकडे सोडून बाकी काय काळं दिसतं ते बघा, आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा, काही कण उभे राहतील. मग धोलपुरी. तिच्यात काळं जवळजवळ सापडायचं नाही, गारेचे गोल गुलाबी दाणे दिसतील. झिरकॉन भिंगातून ओळखू येणार नाही, पण त्या चिपेत तो आहे. मुलांना पुढे घ्या, रांग डावीकडून.