बाराचा सेट की दहाचा?

[भांडी बाजार. पितळी घंगाळावर पडणारी हातोडी.]

तांबं आणि जस्त एकत्र केलं की पितळ होतं, हे नाशिकच्या भांडी बाजारात कुणाला सांगावं लागत नाही. गिटारच्या तारांचं पाकीट मात्र वेगळंच बोलतं. ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्ताची बारीक तार पोलादी गाभ्यावर गुंडाळली, की पाकिटावर छापतात ‘८०/२० ब्राँझ’. आहे ते पितळच. कांस्याच्या घराण्यातलं पाकीट शेजारचं, फॉस्फर ब्राँझचं: सुमारे ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि फॉस्फरसचा जेमतेम अंश. डॅडारिओ कंपनीने ते १९७४ मध्ये गिटारच्या तारांत आणलं.

पितळी तार नवी असताना खणखणीत वाजते आणि घामाने लवकर काळवंडते. फॉस्फर ब्राँझचा आवाज थोडा गोल, आणि तो टिकतोही जास्त. पितळी समई चिंचेने घासली की पुन्हा लखलखते, तारेला तो उपाय नाही. वेढ्यांच्या फटींत एकदा मळ बसला की तार मेली.

दुकानात पहिला प्रश्न धातूचा निघतो, दुसरा कंपनीचा. खरं तर जाडी आधी ठरवायला हवी.

[काउंटर. पाकिटावरचे आकडे जवळून.]

काउंटरवर ‘लाइट द्या’ म्हणू नका. लाइट, कस्टम लाइट, एक्स्ट्रा लाइट या नावांमागचे आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात. आकडाच सांगा. ‘बाराचा सेट’ म्हणजे पहिली, सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच, सहावी बहुधा ०.०५३. दहाच्या सेटमध्ये पहिली ०.०१०, सहावी ०.०४७ च्या आसपास. आणि ‘अकूस्टिकचा’ हा शब्द विसरू नका. इलेक्ट्रिकच्या सेटमध्ये तिसरी तार बहुधा साधी, बिनवेढ्याची असते आणि जाड तारांवर निकेल असतं. तो सेट अकूस्टिकवर चढतो, पण आवाज बसका येतो.

दहा आणि बारा यांत फरक दोनच हजारांश इंचांचा. पण लांबी तीच, सूर तोच, तर साध्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२ भागिले १०, त्याचा वर्ग १.४४. म्हणजे पहिल्या तारेवर ४४ टक्के जास्त ताण. सहाही तारा धरल्या तर दहाचा सेट साधारण ६० किलोने ओढतो, बाराचा ७४, तेराचा ८४. बाराचा सेट चढवलेली गिटार म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या पुढच्या फळीवर सिमेंटच्या दीड गोणीची ओढ, आणि तीही रात्रंदिवस.

मोठ्या अंगाच्या, घट्ट बांधणीच्या गिटारला बारा शोभतो. लहान अंगाच्या गिटारला आणि शिकाऊ बोटांना दहा किंवा अकरा. ब्रिजच्या, म्हणजे फळीवर तारा अडकवलेल्या पट्टीच्या, मागे फळी फुगलेली जुनी गिटार असेल तर सिल्क अँड स्टील लावा. तिच्यात पोलादी गाभ्याभोवती रेशमासारखे धागे असतात, ताण कमी, आवाज मऊ.

[इगतपुरी, पाऊस. मग येवला, जानेवारीची सकाळ.]

या जिल्ह्यात एक चूक वर्षातून दोनदा होते. पावसाळ्यात, त्यातून इगतपुरी-त्र्यंबककडे, लाकूड ओल पितं, फळी फुगते, ब्रिज वर येतो आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, उंच होतात. बोटं दुखली की वाजवणारा तारांना दोष देतो आणि बारावरून दहावर येतो. जानेवारीत येवला-निफाडच्या कोरड्या थंडीत तीच फळी बसते, तारा खाली येतात. आता दहाची ढिली तार फ्रेटवर खरखरते, मग पुन्हा बारा. यात तारांचा काहीच दोष नव्हता. गिटार पेटीत ठेवा आणि पेटीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राखा. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आत-बाहेर असली की पुरे. जाडी बदललीच, तर नेकचा, म्हणजे मानेचा, बाक पुन्हा तपासावा लागतो. तो बाक सांभाळणारी नेकमधली दांडी, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

क्लासिकल गिटारवर मात्र पोलादी तार कधीच नको. नायलॉनचा सेट साधारण ४० किलोने ओढतो, वाद्य त्याच हिशोबाने बांधलेलं असतं, आणि बहुतेकांच्या नेकमध्ये ट्रस रॉडही नसतो. पोलादी तारांनी ब्रिज उखडून हातात येतो. युकुलेलेलाही हाच नियम.

[मिरजेची सतार. तिच्या पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर, बाजाची तार आडवी ओढणारं बोट.]

सतारीच्या बाजाला, म्हणजे मुख्य तारेला, सहसा ३ नंबरची पोलादी तार लागते. तिची जाडी ०.०१२ इंच, म्हणजे बाराच्या सेटमधल्या पहिल्या तारेएवढीच. पण सतारीची तार बरीच लांब आणि सूर खाली, म्हणून ताण गिटारच्या साधारण साठ टक्केच. एका पडद्यावर चार-पाच सुरांची मींड निघते ती त्यामुळे. नंबर सांगताना जपा: पोलादी तारेचा नंबर वाढला की तार जाड होते, पितळ आणि कांस्याच्या तारेत नंबर वाढला की बारीक. जोडाला, म्हणजे बाजाशेजारच्या तारेला, २७ च्या जागी २२ नंबर आणलात, तर खर्जाची तार घेऊन घरी याल.

मँडोलिनचं थोडक्यात: तारा आठ, आणि बहुतेकांना टोकाशी गिटारच्या तारेसारखी गोळी नाही, फास लागतो. आधी जुनी तार बघा, मग दुकानात जा.

[टेबल. पक्कड, नवा सेट, सैल केलेल्या तारा.]

तार चढवताना गोळीच्या टोकाशी तारेला हलकासा बाक द्या. टोक ब्रिजच्या भोकात घाला, पिनची खाच तारेकडे करून पिन बसवा आणि दाबून धरूनच तार वर ओढा. गोळी आत लाकडाला टेकली पाहिजे. ती पिनच्या टोकावर अडकली, तर सूर चढवताना पिन उडते. खुंटीपाशी साधारण पाच सेंटिमीटर ढील ठेवा, दोन-तीन वेढे बसतात. बारीक तारांना एखादा वेढा जास्त. वेढे वरून खाली. तारेचं जादा टोक सूर लागल्यावरच कापा, कारण गोल गाभ्याची तार आधी कापली तर तिचे वेढे सुटतात.

सूर लावताना नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी, ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. तरीही अडकत असेल, तर नव्या जाडीला खाच अरुंद पडते आणि ती कारागिराकडूनच घासून घ्यावी.

जुनी तार केव्हा काढायची? फ्रेटच्या वर तारेखालून नख फिरवा. खड्डे लागले की बाराव्या फ्रेटचा सूर बरोबर येणार नाही, ट्यूनर काहीही म्हणो.

आणि तार तुटली, तर नवी आणण्याआधी ती कुठे तुटली ते पाहा. सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या तारा टेकतात त्या पट्टीवर, तुटली असेल तर तिथे धार आहे, बारीक पॉलिश पेपरचे दोन हात द्या. खुंटीपाशी तुटली, तर खुंटीच्या भोकाची कड तपासा, नाहीतर तार तिथे पिळली गेली असेल. आणि दर वेळी त्याच फ्रेटवर तुटत असेल, तर त्या फ्रेटवरून कापूस फिरवा. जिथे धागा अडकेल, तिथेच घासायचं आहे.