तालुक्याचे आकडे असतात कुठं?

नमस्कार मंडळी. समोर बरेचसे विद्यार्थी दिसतायत, काही पत्रकारही आहेत, तर थेट विषयालाच हात घालतो. राज्याचा विकासदर किती हे मोबाइलवर लगेच सापडतं, पण आपल्या तालुक्यात लोक कशावर जगतात, बँकेतल्या ठेवी इथंच कर्जाच्या रूपात फिरतात की बाहेर जातात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, डेटाच नाहीये हो. हे मला अजिबात मान्य नाही. डेटा भरपूर आहे, फक्त तो कुणीतरी स्वतःच्या कामासाठी गोळा केलेला असतो, आणि ते काम काय होतं हे कळलं की आकड्यावर कुठवर विसंबायचं तेही कळतं.

सुरुवात जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनापासून करा. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा कार्यालय ते काढतं, पीडीएफ ऑनलाइन मिळतात, आणि त्यात पिकांखालचं क्षेत्र, सिंचन, कारखाने, बँका असे कितीतरी तक्ते तालुकानिहाय असतात. पण तक्ता उघडला की आधी खाली बघा, तिथं ‘आधार’ म्हणून लिहिलेलं असतं, म्हणजे हा आकडा कुठल्या खात्याकडून आला ते. कव्हरवर अलीकडचं वर्ष असतं आणि आत लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची, पशुधन 2019 च्या पशुगणनेचं, असं सगळं शेजारीशेजारी बसलेलं असतं. मग कोणी आजच्या उत्पादनाला 2011 च्या लोकसंख्येने भागतं, दरडोई आकडा फुगतो आणि तोच बातमीत छापून येतो.

सीमांचं पण बघावं लागतं. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला, म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या ‘ठाणे’मध्ये वसईही आहे आणि मोखाडाही. तो ठाणे आणि आजचा ठाणे यांची तुलना करायची तर तालुके वेगळे काढून पुन्हा बेरीज मांडावी लागते. काम किचकट आहे, पण जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावपातळीपर्यंत आकडे असल्यामुळे ते करता येतं.

जिल्ह्याचं उत्पन्न राज्याच्या आर्थिक पाहणीत मिळतं, ती दरवर्षी बजेटच्या आधी येते. इथं एक लक्षात घ्या, बऱ्याच क्षेत्रांमध्ये आधी राज्याचा आकडा काढतात आणि मग काही निर्देशक लावून तो जिल्ह्यांमध्ये वाटतात. शिवाय ते जिल्ह्यात तयार झालेलं उत्पन्न असतं, तिथं राहणाऱ्यांच्या हातात पडलेलं नव्हे. मोठा कारखाना असलेल्या जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न बघून तिथला माणूस सुखात आहे असं ठरवू नका.

मला स्वतःला सगळ्यात जास्त बोलके वाटतात ते बँकांचे आकडे. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला जिल्हानिहाय ठेवी आणि कर्जं जाहीर करते. 100 रुपये ठेवी आणि 40 रुपये कर्ज, तर गुणोत्तर 40 टक्के, म्हणजे तिथल्या लोकांची बचत बऱ्यापैकी बाहेर चाललीये. मुंबईचा आकडा मात्र जपून वापरा, कारण मोठ्या कंपन्यांचं कर्ज मुंबईच्या शाखेत मंजूर होतं आणि पैसा लागतो भलतीकडेच, म्हणूनच रिझर्व्ह बँक कर्ज मंजूर कुठं झालं आणि वापरलं कुठं गेलं हे दोन्ही वेगवेगळं देते. आणखी खाली जायचं असेल तर जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कर्जवाटपाचा मेळ घालणारी बँक, गाठा, ही योजना 1969 पासून आहे, वार्षिक पतपुरवठा आराखडा तिथंच बनतो, आणि पीककर्जाचं उद्दिष्ट किती होतं आणि वाटप किती झालं हे त्यातून कळतं.

आता बाजार समिती. पणन मंडळाच्या साइटवर रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, म्हणजे बहुतेक मालाला मिळालेला, दर असतात. लासलगावचा कांदा घ्या. कमाल दर थोड्याच क्विंटलला मिळालेला असू शकतो, त्यामुळे शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं याचा अंदाज सर्वसाधारण दरावरूनच घ्यायचा. आणि आवक म्हणजे निफाड तालुक्याचं उत्पादन नव्हे, येवला-चांदवडकडचा कांदाही तिथंच येतो, शिवाय ऑगस्टमध्ये आलेला उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलला काढून चाळीत ठेवलेला असतो. हे माहीत नसेल तर आवकेचा ग्राफ काढून चुकीचीच गोष्ट सांगितली जाते.

पीकपेऱ्याचंही तसंच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, म्हणजे जी नोंद आधी तलाठी करायचे ती शेतकरी स्वतः मोबाइलवरून करायला लागले. त्या सुमाराला एखाद्या पिकाचं क्षेत्र एकदम बदललेलं दिसलं तर शेतात खरंच काही बदललं की मोजायची पद्धत बदलली, हे आधी गावात जाऊन विचारा.

सरकारच्या वाहन नोंदणीच्या ‘वाहन’ डॅशबोर्डवर आरटीओनिहाय ट्रॅक्टर नोंदणी दिसते, रोजगार हमीच्या साइटवर ग्रामपंचायतीपर्यंत मजुरांची मागणी दिसते. दोन्ही एकाच काळातले घेऊन शेजारी ठेवून बघा, चांगला पाऊस आणि दुष्काळ यातला फरक त्यात शोधता येतो. छोट्या धंद्यांच्या बाबतीत मात्र खरंच अडचण आहे, जाहीर झालेले आकडे सहाव्या आर्थिक गणनेचे, म्हणजे दुकानं-उद्योगांच्या देशभरातल्या मोजणीचे, तेही 2013-14 चे, आणि तेव्हापासून बाजारपेठा पार बदलून गेल्यात. तिथं ग्रामपंचायतीचं नमुना 8 चं रजिस्टर, म्हणजे कर आकारणीची नोंद, कामाला येते, दुकानं आणि गोदामं किती वाढली ते त्यावरून बऱ्यापैकी कळतं.

हे रजिस्टर ऑनलाइन शोधत बसू नका, ऑफिसात जा. 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख बघता येतात. वही-पेन सोबत ठेवा, आणि कुठलं रजिस्टर, कुठलं वर्ष हे आधीच कागदावर लिहून न्या, म्हणजे समोरच्या क्लार्कलाही काढून देणं सोपं जातं.