मूल खात नाही, पण पितं काय?

(दृश्य : मिरज, बालरुग्णांचा दवाखाना, सकाळची गर्दी)

मिरज. पार कर्नाटकातूनही लोक उपचाराला येतात ते हे गाव. इथल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात तासभर बसा, एक तक्रार हटकून कानावर येते : "डॉक्टर, हे काय खातच न्हाई बघा. भूक वाढायचं औषध द्या."

डॉक्टर विचारतात, "खात नाही, कळलं. पितो काय?"

मग हळूहळू एकेक बाहेर येतं. सकाळच्या दुधात चॉकलेटची पावडर, वर दोन चमचे साखर. शाळेतून येताना दहा रुपयांचा आंब्याचा ज्यूस. संध्याकाळी आजोबांनी आणलेलं कोल्ड्रिंक, तेही "घोटभरच". आजी मध्ये पडते, "पोटात काहीतरी जातंय की!" जातंय खरं. पण त्या गोडानंच भूक मरते, ताट पुढं आलं की पोर तोंड फिरवतं, आणि आई काकुळतीला येऊन पुन्हा ज्यूसच फोडते. भुकेचं औषध यात काय करणार?

(दृश्य : टेबलावर कोलाची बाटली, साखरेचा डबा, चमचा)

डॉक्टर बाटलीवरचं बारीक अक्षर आईलाच वाचायला लावतात. छापलेला आकडा असतो 100 मिलीचा, पोर पितं अख्खी बाटली. कोलाच्या 100 मिलीत साखर साधारण साडेदहा ग्रॅम, म्हणजे 250 मिलीत 26 ग्रॅम. 4 ग्रॅमचा चमचा धरला तर साडेसहा चमचे. एवढी साखर घातलेला कपभर चहा कुणी पोराच्या हातात देईल का?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलं की अशी साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, जमलं तर 5 टक्क्यांच्या. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1300 कॅलरी लागतात. त्यातले 5 टक्के म्हणजे जेमतेम चार चमचे.

"पण ज्यूस तर फळाचाच ना?" भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा : दोन वर्षांच्या आत ज्यूस नकोच. पाच वर्षांपर्यंत दिवसाला 125 मिलीपेक्षा जास्त नको, तोही ताजा. त्यापेक्षा पेरू कापून द्या, चावून खाऊ दे. रात्री गोड बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात. दुधाचे दात पडणारच आहेत, असं म्हणून ते सोडून देऊ नका. ठणका मुलालाच सोसावा लागतो.

(दृश्य : रस्त्याकडेची रसवंती, चरकाला बांधलेले घुंगरू)

आणि उसाचा रस? सांगलीत हे विचारायचं म्हणजे पंचाईतच. घरटी कुणाचा ना कुणाचा ऊस कारखान्याला जातो. पण या रसातही 100 ग्रॅममागे 13 ते 15 ग्रॅम साखर असते, म्हणून तर कारखाने चालतात! घुंगरू वाजले, पोरगं अडून बसलं, तर कधीतरी अर्धा पेला. रोजचा रतीब नको.

सगळ्यात मोठा घोळ जुलाबात होतो. जुलाबात अंगातलं कमी झालेलं पाणी भरून काढायला ओआरएस, म्हणजे क्षार-साखरेचं पाणी, पाजतात. पण मेडिकलमधून 'ओआरएस' म्हणून गोड, रंगीत पेयाचा खोका घरी यायचा. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि त्याच्या जोडीला मोजून घातलेले क्षार. खोक्यातल्या पेयांत साखर याच्या कितीतरी पट. ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब उलट वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यासाठी वर्षानुवर्षं भांडत होत्या.

तेव्हा मेडिकलमध्ये नुसतं 'ओआरएस द्या' म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पावडरची पुडी मागून घ्या. एक लिटरची पुडी असेल तर अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धी पुडी अंदाजानं पेल्यात ढवळायची नाही, चवीला वर साखर घालायची नाही. चमच्याचमच्यानं पाजत राहायचं. 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं आणि नवी पुडी फोडायची.