सहा अक्षरांतला डोळा

(काचेवरचा तपकिरी डाग, अगदी जवळून)

नखाएवढाही नाही हा डाग. कापसाचा बोळा किंचित ओला केलाय. तो घासायचा नसतो, हलकेच दाबत फिरवायचा. बघा, काचेवरचा तपकिरी रंग कापसावर उतरतोय.

नेहमीची डीएनए तपासणी रक्ताला एकच प्रश्न विचारते : तू कुणाचं? त्याच्या उत्तरासाठी जुळवून बघायला दुसरा नमुना लागतो. संशयितच नसेल तर सगळं तिथंच अडतं. मग प्रश्न बदलावा लागतो : ज्याचं हे रक्त, तो दिसतो कसा?

(नळ्या, यंत्राचं झाकण बंद होतं)

नळीत तळाशी दिसतंय ते नुसतं पाणी वाटेल. एका पेशीत डीएनए असतो जेमतेम ६ पिकोग्रॅम (ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाला पिकोग्रॅम म्हणतात), तेव्हा आधी तो वाढवायला हवा. यंत्र नळी तापवतं, गार करतं, पुन्हा तापवतं. दर फेरीला हव्या त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर.

(पडद्यावर रंगीत शिखरं)

प्रत्येक शिखर म्हणजे एक अक्षर. डीएनएचा सगळा मजकूर तीनशे कोटी अक्षरांचा, पण डोळ्यांच्या रंगासाठी वाचायची फक्त सहा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचे वैज्ञानिक मॅनफ्रेड कायसर यांच्या गटाची ही पद्धत, आयरिसप्लेक्स. त्या सहांतही बरंचसं काम एकटंच अक्षर करतं. ते १५व्या गुणसूत्रावर, हर्क-२ या जनुकात बसलंय. गंमत अशी, की रंगाशी थेट संबंध शेजारच्या ओसीए-२ या जनुकाचा. हर्क-२मधलं अक्षर म्हणजे त्याचा नळ. नळ आवळला की बुबुळात मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी.

(बुबुळ, पडदाभर)

या डोळ्यात निळं रंगद्रव्य कणभरही नाही. प्रकाश विखुरतो, म्हणून तो निळा.

निळा आणि गडद तपकिरी सहसा बरोबर ओळखले जातात. घारे, हिरवे आले की गडबड. २०१८पर्यंत केस आणि त्वचा धरून वाचायची अक्षरं ४१ झाली. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या वाहनतळाखाली सांगाडा सापडलेला तिथला राजा तिसरा रिचर्ड : डोळे निळे असण्याची शक्यता ९६ टक्के, केस सोनेरी असण्याची ७७. अर्थात ते सोनेरी केस बालपणीचेही असतील. वयाबरोबर केस काळवंडतात, आणि हे गणित तिथंच चुकतं.

(सपाट कुरणं, नेदरलँड्स)

१९९९मध्ये इथं सोळा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. बोटं वळली जवळच्या निर्वासित केंद्राकडे. खुन्याच्या डीएनएवरून त्याचं मूळ निघालं वायव्य युरोपातलं. २०१२मध्ये पकडला गेला तो अडीच किलोमीटरवर राहणारा शेतकरी. ज्या निर्वासितांवर संशय होता, त्यांच्या बाजूनं बोललेला साक्षीदार म्हणजे नळीतला हा डीएनए. दिसण्याचा अंदाज तपासात वापरू देणारा कायदा या देशानं २००३मध्ये केला, जर्मनीनं २०१९मध्ये.

२०२२मध्ये कॅनडातल्या एडमंटन पोलिसांनी डीएनएवरून रंगवलेला एका कृष्णवर्णीय माणसाचा चेहरा प्रसिद्ध केला, आणि अशानं कितीतरी कृष्णवर्णीयांवर संशय येईल अशी टीका होताच मागे घेतला.

(अहवालाचा कागद)

आपल्या डागाचा अहवाल आला. डोळ्यांपुढे तीन आकडे, केसांच्या रंगापुढे चार, त्वचेपुढे पाच, सगळ्या शक्यताच. नाकापुढे काही नाही. नाकाचा रकानाच नाही.