तिशीतली धडधड आणि हृदयातली फुगलेली पिशवी

नमस्कार मंडळी. रविवारी सिंहगड चढताना छातीत धडधडलं की आपण काय म्हणतो, दम लागला, नाहीतर कालची मिसळ नडली. बऱ्याचदा असतं पण तसंच. पण बसून दम खाल्ला तरी ठोके वेडेवाकडेच पडतायत, परत परत होतंय आणि वय पंचवीस-तीस, बीपी नाही शुगर नाही, तर नुसत्या ईसीजीवर समाधान मानू नका, डॉक्टरांना इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं विचारा.

कारण सांगतो. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, लेफ्ट एट्रियल अपेंडेज, सगळ्यांनाच असते. फार थोड्या लोकांत तिची भिंत बहुधा जन्मतःच कमकुवत असते आणि ती वर्षानुवर्षं फुगत जाते, हाच तो अ‍ॅन्युरिझम. खूप दुर्मिळ आहे, लहानपणी बहुतेक वेळा पत्ताच लागत नाही. मग ताणलेल्या भिंतीतून चुकीचे सिग्नल सुटायला लागतात, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची वेडीवाकडी थरथर, सुरू होतं, आणि आत रक्त साचून गुठळी झाली, ती सुटून मेंदूत गेली की थेट लकवा, तोही ऐन तिशीत! एक्स-रेत हृदयाची डावी कड फुगलेली दिसू शकते, इकोत संशय येतो, सीटी किंवा एमआरआयवर पक्कं होतं.

गोळ्यांनी ठोका आवरता येतो, पिशवी जात नाही. म्हणून ऑपरेशन. छातीचं मधलं हाड उघडतात, पेशंट हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे तेवढा वेळ हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावर घेतात (१९५३ मध्ये जॉन गिबननं फिलाडेल्फियात या मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, त्याचे उपकार आहेत खरंच) आणि हृदय थांबवतात. ते थांबेपर्यंत सर्जन त्या पिशवीला शक्यतो हात लावत नाहीत, कारण आत गुठळी असली आणि धक्क्यानं सुटली तर टेबलावरच स्ट्रोक. मग पिशवी मुळापासून कापायची, आत गुठळी उरली नाही ना बघायचं, टाके घालायचे, आणि अगदी शेजारून सर्कमफ्लेक्स धमनी जाते, हृदयालाच रक्त देणारी, तिला धक्का लागू द्यायचा नाही. काही ठिकाणी दुर्बिणीतून स्टेपलरनंही करतात, पण आत गुठळी असेल तर मला तरी उघडं ऑपरेशनच बरं वाटतं.

पिशवीबरोबर सिग्नल बिघडवणारी जागाही गेली की बऱ्याच जणांचा ठोका ताळ्यावर येतो, ज्यांचा येत नाही त्यांना अ‍ॅब्लेशन, म्हणजे चुकीचे सिग्नल सोडणारी जागा जाळून किंवा गोठवून निकामी करणं, लागू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तोवर घ्यायच्याच, बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका. आणि ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला तर फॅमिली डॉक्टरची वाट बघत बसू नका, लगेच १०८ लावा.